तीन खरी वाक्यं

मला एका जागी बसून लिहिता येत नाही. हे पानही मी ओट्याशी उभी राहून लिहिते आहे. मधेच गॅस बारीक करते, मधेच गॅलरीत जाऊन खाली रिक्षावाल्यांचं भांडण ऐकून येते. सून म्हणते, "आई, पायाला भिंगरी लागलीये का तुमच्या?" लागलीये, आणि कधी लागली तेही मला माहीत आहे. एका उन्हाळ्यात आमच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही तिघंही बसायचं विसरून गेलो होतो. बाबा भिंतीपासून दारापर्यंत चालायचे, माय एकच ताटली तीनतीनदा घासायची आणि मी आत-बाहेर करायचे. पुढं ती दोघं बसली, निजली, यथावकाश गेलीही. माझं आत-बाहेर काही थांबलं नाही.

घर क्रांती चौकाच्या मागच्या अंगाला होतं. आता तिथं मोबाइलची दुकानं आहेत, वरून उड्डाणपूल गेलाय आणि शहराचं नावही बदललंय. रिक्षावाला मात्र कुठलंही नाव सांगा, नेतो तिथंच. तेव्हा पत्र्याची घरं होती आणि सगळ्यांच्या भाकरी थापल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू यायचा. माय भल्या सकाळी उठायची. स्टोव्हला पंप मारल्याचा खसखस आवाज, मग भाकरीचा थपथप, मग बाबांच्या डब्याचं झाकण बसवल्याचा टप्प, आणि त्यानंतर चौकातून कंपनीच्या बसचा हॉर्न. ह्या आवाजांचा क्रम कधी चुकला नाही, म्हणून मला घड्याळ बघायला उशिरा आलं. डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, घट्ट आमटी. बाबांना आमटी पातळ झालेली चालायची नाही. "पाणी प्यायला हाय की घरात," म्हणायचे.

बाबा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्लेटिंगच्या खात्यात होते. स्कूटरची हँडलं, नळ्या, कड्या असे लोखंडाचे काळेकुट्ट भाग आकड्यांना टांगून एका टाकीतून दुसऱ्या टाकीत बुडवत न्यायचे आणि शेवटच्या टाकीतून ते चांदीसारखे निघायचे. बाबांचं काम सगळ्यात शेवटचं आणि त्यांच्या मते सगळ्यात वरचं. निघालेला भाग पुसायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा आणि त्यात आपलं तोंड बघायचं. तोंड स्वच्छ दिसलं तर माल पास, पुसट किंवा डागाळलेलं दिसलं तर परत टाकीत. "माझं तोंड म्हणजे कंपनीचा शिक्का हाय," असं ते लोकांना सांगायचे, आणि ऐकणारा हसला की त्याच्याहून मोठ्यानं हसायचे. घरातही हीच रीत. मायनं घासलेलं तपेलं उचलून दारात न्यायचे, एक डोळा बारीक करून आत बघायचे आणि म्हणायचे, "माल पास." माय त्यांच्या हातातून तपेलं हिसकून घ्यायची.

दुसरी रीत इंग्रजीची. बाबा चितेगावच्या शाळेत शिकलेले. तिथले मास्तर अख्ख्या वर्गाकडून घोकून घ्यायचे, 'आय हॅव अ रेड बॉल', माझ्याजवळ लाल चेंडू आहे. बाबा सांगायचे, "चाळीस पोरं रोज वरडायची, अन् चेंडू एकाजवळबी नव्हता. लाल नाय अन् काळाबी नाय. म्हंजे सुजे, इंग्रजीत आम्ही पैलं काय शिकलो? तर खोटं बोलाया शिकलो." त्याचा त्यांना आयुष्यभर राग होता. म्हणून आमच्या घरात नियम असा की रोज एक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याची तीन वाक्यं करायची, पण तिन्ही खरी. स्वतः पाहिलेलं किंवा स्वतःचं असलेलं हवं. मी शब्द घेऊन दिवसभर त्याला गिऱ्हाईक शोधत फिरायचे. 'नॅरो' म्हणजे अरुंद, तो दिला तेव्हा सोपं गेलं, गल्ली होतीच. 'अबंडंट' म्हणजे विपुल, त्याला ढेकूण सापडले. 'नोबल' म्हणजे थोर, त्या शब्दाला मात्र दोन दिवस लागले, आणि तरी तिसऱ्या वाक्यासाठी मला दाराशी बांधलेल्या आमच्या शेळीचा आधार घ्यावा लागला. वाक्य वाचून झालं की बाबा विचारायचे, "खरं वाक्य?" मी म्हणायचे, "खरं वाक्य." आमच्या घरात कुणी देवाची शपथ घेत नसे. 'खरं वाक्य' म्हटलं की विषय संपला.

एका दुपारी बाबांच्या शेजारची गरम टाकी उसळली आणि ते डाव्या अंगानं भाजले. ते कसं घडलं हे मी इथं लिहीत नाही. मी तिथं नव्हते, आणि न पाहिलेलं लिहू नये हे मी त्यांच्याकडूनच शिकले. दवाखान्यात त्यांचा सगळा चेहरा पट्ट्यांत होता आणि उजवा डोळा तेवढा उघडा होता. त्या डोळ्यानं ते मला 'आज कोणता शब्द' असं विचारायचे असं मला वाटायचं. मी मुद्दाम रोज एक शब्द सांगायचे. बरेच आठवडे असे गेले. घरी आणायच्या दिवशी दवाखान्यानं एक कार्ड दिलं. मायनं ते माझ्यापुढं धरलं. घरात आता इंग्रजी वाचणारी मीच होते.

कार्डावर औषधं होती, तारखा होत्या आणि डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात एक शब्द होता, 'डिसफिगर्ड'. घरी येऊन मी बाबांनी जुन्या बाजारातून आणलेला शब्दकोश काढला. विद्रूप झालेला, असा अर्थ होता. माय दारातून विचारत होती, "काय लिवलंय गं?"

"बरं झालंय असं लिवलंय," मी म्हणाले.

पट्ट्या निघाल्या. बाबांचा चेहरा कसा झाला होता ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, कारण मी बघितलाच नव्हता. ताट वाढताना मी त्यांच्या हातांकडं बघायचे, बोलताना शर्टाच्या वरच्या गुंडीकडं. मला माझ्या बाबांची भीती वाटायची. हे एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली आहेत, आणि आत्ताही लिहिल्यावर मी उगाच फ्रीज उघडून बंद करून आले.

मायनं तिच्या परीनं बंदोबस्त केला. दाराजवळच्या खिळ्यावर वीतभर आरसा होता, तो पडून फुटला असं तिनं सांगितलं. स्टीलची ताटं, तांबे, तपेली गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली आणि आम्ही पुन्हा जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पोचे पडलेल्या ताटल्यांत जेवायला लागलो. बुद्धाच्या तसबिरीला काच होती. ती काढणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं ती हातभर वर टांगली. बाबांना तोंड नीट उघडता यायचं नाही. ती भाकरी आमटीत कुस्करून, बोटांनी पुन्हा पुन्हा मऊ करून द्यायची. बाबांचे जोडीदार रहीमभाई एकदा डबाभर नान-खलिया घेऊन आले, तर बाबांनी नानचा तुकडा रश्शात इतका वेळ बुडवून ठेवला की तो विरघळूनच गेला, आणि मग दोघं हसले. बिनआरशाचं घर फार विचित्र असतं. माझा भांग रोज वाकडा पडायचा आणि शाळेत पोरी विचारायच्या, "कामून गं, रेल्वे रुळावरून उतरली का?"

कामावर हजर व्हायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी संध्याकाळी बाबा दारात उभे होते. माय पीठ मळत होती. मी वह्यांना कव्हर घालत होते. बाबा माझ्याकडं न वळता म्हणाले, "सुजे, मी कसा दिसतो?"

माझा हात थांबला. मायचाही थांबला.

"एका वाक्यात सांग," ते म्हणाले. "मराठीत चालंल."

मी त्यांच्या पाठीकडं बघत म्हणाले, "पैल्यासारखेच दिसता, बाबा. डाव्या गालाला जरासा डाग हाय, बस."

"खरं वाक्य?"

"खरं वाक्य."

त्यांचे खांदे सैल पडले ते मला मागून दिसलं. ते रस्त्यावर गेले, कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि कितीतरी दिवसांनी कुणाशी तरी मोठ्यानं बोलले. मायनं पिठाच्या हातानं डबा उघडून मला गुळाचा खडा दिला. तो गूळ मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सगळे आवाज पुन्हा ओळीनं आले. पंप, थपथप, डब्याचं झाकण, हॉर्न. माय दिवसभर गुणगुणत होती. आणि भर दुपारी, ऊन नुसतं भाजत असताना बाबा चालत घरी आले. चिकलठाण्यापासून क्रांती चौकापर्यंत जालना रोडनं पायी. डबा तसाच भरलेला होता.

"कामून आलात?" माय म्हणाली. "बरं नाय वाटत का?"

त्यांनी पाय धुतले, आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. रागावले असते, हात उचलला असता तरी मला बरं वाटलं असतं. संध्याकाळी रहीमभाई आले तेव्हा ते उठलेही नाहीत. रहीमभाई मग दारातच माझ्याशी आणि मायशी हळू आवाजात बोलले.

"भाभी, क्या बोलू. पैलाच हँडल था. टाकी में से निकाल्या, पोंछ्या, खिडकी के सामने पकड्या. हमेशा के जैसा. फिर वैसाच खडा रह गया. मैं बोल्या, क्या हुआ यार, माल में कुछ है क्या? तो बोल्या, नहीं रहीम, माल एकदम साफ है." रहीमभाईंनी टोपी काढून पुन्हा घातली. "हँडल रख्या और निकल गया. बस के वास्ते भी नहीं रुक्या."

मायनं पदर तोंडाला लावला. जाता जाता रहीमभाई म्हणाले, "साहब ने अगले सोमवार तक जगा रखी है. उसके बाद दूसरे को खडा करेगा. बेटा, तू बोल उसको. तेरा सुनता है वो."

माझं ऐकतात म्हणूनच तर हे झालं होतं. आमच्या घरातल्या माणसानं घरातल्या नियमावर विश्वास ठेवला होता, आणि तो नियम मोडणारी मी होते. त्यांना घरात कुणी काही सांगितलं नसतं तर ते तयारीनं गेले असते. मी त्यांना 'जरासा डाग' देऊन पाठवलं होतं.

ते पाच दिवस कसे काढले ते मला विचारू नका. बाबा पहाटेपासून दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायचे. सहा पावलं आणि वळण, सहा पावलं आणि वळण. सकाळी चौकात बसचा हॉर्न वाजला की पावलं थांबायची, बस गेली की पुन्हा सुरू व्हायची. माय कामं काढून काढून करायची. मिरच्या निवडून झाल्या की पुन्हा ओतायची आणि पुन्हा निवडायची. मी पाणी भरायच्या निमित्तानं नळावर पळायचे, रिकामी कळशी घेऊन परत यायचे. तिघं एकमेकांना ओलांडून इकडून तिकडं जायचो आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही. बाबा मायशी तरी 'हं' म्हणायचे. माझ्याशी तेही नाही. रोजचा शब्द तर बंदच झाला होता. मी मनातल्या मनात वाक्यं करायचे, माझी चूक झाली, मला माफ करा. पण तिसरं वाक्य कधीच सुचायचं नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते. दप्तर उचललं तर वर माझी शब्दांची वही होती. कोरं पान उघडलेलं, आणि वर बाबांच्या अक्षरात, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलेला शब्द होता, डिसफिगर्ड. खाली एक, दोन, तीन असे आकडे टाकून तीन ओळी मोकळ्या सोडलेल्या. त्यांनी कार्ड शोधलं होतं, शब्दकोश उघडला होता. मी आत बघितलं. ते भिंतीकडं तोंड करून उभे होते. मी वही पोटाशी धरून शाळेला पळाले.

मी तेव्हाही हुशारच होते, म्हणजे पळवाटा काढण्यात. येता-जाता मला तीन गिऱ्हाइकं सापडली. चौकातली भिंत निवडणुकीच्या पोस्टरांनी विद्रूप झाली आहे. तारांसाठी फांद्या तोडल्यामुळं आमच्या गल्लीतला कडुलिंब विद्रूप झाला आहे. माझ्या इतिहासाच्या पुस्तकातली राणी कुणीतरी मिशा काढून विद्रूप केली आहे. तिन्ही खरी, आणि शब्द तिन्हीकडं अगदी चपखल बसलेला. शाळेत बाईंनी दहापैकी दहा दिले असते. मी घरी येऊन वही बाबांच्या शेजारी ठेवली आणि मोरीपाशी जाऊन उभी राहिले.

त्यांनी वही वाचली. पान वर-खाली केलं. मग पाच दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"तिन्ही खरी हायत."

मी मान हलवली.

"पण ह्या शब्दासाठी तुला घराबाहेर कामून जावं लागलं?"

मला रडू फुटलं. मोठ्यानं, शेंबूड येईपर्यंत रडले. माय स्टोव्हपाशी होती, ती "काय झालं, काय झालं" करत उठली. बाबांनी हातानंच तिला थांबवलं.

शेवटी मी म्हणाले, "बाबा, मी बघितलंच नाय. त्या दिशीबी नव्हतं बघितलं. न बघता सांगितलं मी."

"मंग आता बघ."

ते दारात आले, उंबऱ्यावर बसले आणि उजेडाकडं तोंड केलं. मी समोर बसले. आणि मी माझ्या बाबांचा चेहरा बघितला. ते म्हणाले, "बोलत जा. मला ऐकू येऊ दे." मग मी एकेक सांगत गेले. डावा डोळा खाली ओढलाय, त्यातून पाणी येतं. त्या बाजूची भुवई नाय. गाल गुलाबी हाय, मधीमधी काळा, अन् चुरगळलेल्या कागदावाणी. ओठाचा कोपरा वर गेलाय. कान वरून आखडलाय.

"बस कर, सुजे," माय म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि रडूही होतं.

"बोलू दे तिला. उजवी बाजू?"

"उजवी बाजू तुमचीच हाय, बाबा. पैल्यासारखी. खरं वाक्य."

त्यांनी उजव्या गालावरून हात फिरवला. मग मायला म्हणाले, "तो आरसा काढ. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात हाय, तळाला."

माय तोंड उघडं टाकून बघत राहिली. "तुम्हाला ठावं होतं?"

"पैल्या दिसापासून. फुटला असता तर काच झाडल्याचा आवाज आला असता की." मग ते माझ्याकडं वळले. "हात घातला अन् काढला, एवढंच काम होतं. नाय काढला. म्हणलं, आपण सुजीला विचारू."

अजूनही एखाद्या रिकाम्या दुपारी हे वाक्य मला गाठतं आणि मग मी घरातल्या घरात फेऱ्या मारते. त्यांच्या हाताशी आरसा होता, आणि त्यांनी आरशापेक्षा मला खरं धरलं होतं. आयुष्यात पुढं मला बक्षिसं मिळाली, मी शाळेत तीस वर्षं इंग्रजीच शिकवलं, निरोपाला शाल-श्रीफळ मिळालं. पण इतका विश्वास माझ्यावर पुन्हा कुणी ठेवला नाही, आणि ठेवला होता तेव्हा मी गुळाच्या खड्यावर तो घालवला.

मायनं डब्यात कोपरापर्यंत हात घालून आरसा काढला. पिठानं पांढरा झाला होता. पदरानं पुसायला लागली तर बाबांनी तो तिच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या शर्टाच्या टोकानं पुसला, ते माल पुसायचे तसा, कडेकडेनं आणि मग मधे. मग बघितलं. त्यांनी मान जरा डावीकडं केली, जरा उजवीकडं केली आणि आरसा खिळ्यावर नेऊन टांगला. मला म्हणाले, "वही घे."

मी लिंब, भिंत आणि राणी खोडरबरानं पुसली. पहिलं वाक्य लिहिलं, 'माय फादर्स फेस इज डिसफिगर्ड.' माझ्या बाबांचा चेहरा विद्रूप झाला आहे. पेन्सिल इतकी दाबली गेली की मागच्या पानावर अक्षरं उमटली. दुसरं लिहिलं, 'आय सेड इट वॉज नॉट डिसफिगर्ड बिकॉज आय वॉज अफ्रेड.' तो विद्रूप नाही असं मी म्हणाले, कारण मला भीती वाटत होती. बाबांनी दोन्ही वाचली, दोन्हींपुढं बरोबरची खूण केली. माझा हात तिसऱ्या ओळीवर अडला.

"राहू दे," ते म्हणाले. "सोमवारनंतर बगू."

सोमवारी ते गेले. जाताना त्यांनी आरशात बघून भांग पाडला. माय दिवसभर गुणगुणली नाही. मी शाळेत होते पण शाळेत नव्हते. मधल्या सुट्टीत कुंपणापाशी जाऊन जालना रोडकडं बघत राहिले. त्या रस्त्यानं शहराकडं पायी येणारा प्रत्येक पांढरा शर्ट मला बाबांचा वाटायचा. बारा वाजले, एक वाजला. शाळा सुटल्यावर घरी न जाता मी चौकातल्या बसच्या थांब्याशी जाऊन उभी राहिले. भाजीवाल्या बाईनं दोनदा विचारलं, "कोणाची वाट बघतीस गं पोरी?" मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले. बस यायला वेळ होता, आणि ते पायी परत येताना मला दिसले नव्हते, एवढंच मला माहीत होतं.

बस आली. आधी रहीमभाई उतरले आणि माझ्याकडं बघून नुसतेच हसले. मग आणखी पाचसहा जण उतरले. क्लीनरनं बसवर थाप मारली. तेवढ्यात मागच्या दारातून बाबा उतरले. डबा हलका होता, चालण्याच्या हेलकाव्यावरून कळत होतं.

मी पळत गेले. "बाबा, दिसलं तोंड?"

"दिसलं की. दिसभर दिसलं."

"मंग?"

"पैलं हँडल धरलं अन् खाली ठिवलं. दुसरंबी ठिवलं." त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "मंग माल बगाया लागलो. एक हँडल परत टाकीत धाडलं, कडंला डाग होता."

आम्ही भाजीच्या टोपल्यांमधून निघालो. एका बाईच्या कडेवर दोनअडीच वर्षांची पोर होती. तिनं बाबांकडं बघितलं आणि आईच्या मानेत तोंड खुपसलं, पण एक डोळा बाहेर ठेवून बघतच राहिली. मग बोट करून मोठ्यानं म्हणाली, "माय, ह्यांला काय झालं?" बाई ओशाळली, पोरीच्या तोंडावर हात ठेवायला लागली. आजूबाजूची माणसं इकडंतिकडं बघायला लागली, मी इतके आठवडे बघत होते तशीच.

बाबा थांबले. "सुजे," म्हणाले, "सांग तिला."

भर चौकात, संध्याकाळच्या गर्दीत, मी त्या पोरीला सांगितलं, "त्यांचा चेहरा भाजलाय. विद्रूप झालाय. माझे बाबा हायत ते."

माझ्या वहीतली तिसरी ओळ अजून कोरी आहे. पान पिवळं पडलंय, पेन्सिल पुसट झालीये, पण तिसरं वाक्य चौकात बोलून झालं होतं, त्या ओळीत काही लिहायची वेळ कधी आलीच नाही.

बाबांनी हनुवटीला धरून माझं तोंड वर केलं, मावळतीच्या उजेडाकडं फिरवलं, उजवा डोळा बारीक करून नीट बघितलं.

"माल पास," ते म्हणाले, आणि आम्ही घरी निघालो.